साखळीचे आयुष्य ऑइलमध्ये

पुण्याजवळच्या रांजणगावात २०२० सालापर्यंत एक छोटे डिझेल इंजिन तयार होत असे. क्षमता १,२४८ सीसी, वजन साधारण १३० किलो, लांबी अर्ध्या मीटरपेक्षाही कमी. फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतून ते २००३ साली युरोपात आले आणि २००५ साली ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ या स्पर्धेत आपल्या गटात पहिले ठरले. आपल्याकडे ते मुख्यतः तीन नावांनी वावरले. फियाटच्या गाड्यांत ते मल्टीजेट होते, टाटांच्या गाड्यांत क्वाड्राजेट आणि मारुतीत डीडीआयएस. मारुतीसाठी ते हरियाणात मानेसरला बनत असे. २००७ च्या जानेवारीत स्विफ्ट डिझेल आली, मग डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया अशी रांगच लागली. इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉनेटखाली हे एकच इंजिन बसले की वाहनप्रेमी त्याला कौतुकाने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषण-निकषांची सक्ती झाली आणि हे प्रकरण मिटले. इंजिन बनायचे थांबले, पण गाड्या थांबल्या नाहीत. तालुक्याच्या गावी, टॅक्सीच्या थांब्यावर, जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या आजही भरपूर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींनी वयाची दहा वर्षे ओलांडली आहेत. अशा गाडीच्या पोटातल्या एका भागाविषयी आपल्याकडे जो समज पक्का झाला आहे तो चुकीचा आहे आणि महाग पडणारा आहे, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

तो भाग म्हणजे टायमिंग चेन. क्रँकशाफ्ट फिरतो, पिस्टन वर-खाली होतात. वरच्या कॅमशाफ्टने त्याच तालात व्हॉल्व्ह उघडायचे-मिटायचे असतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एक फेरा, असे हे गणित आहे. ते जुळवून ठेवण्याचे काम ही पोलादी साखळी करते. देखभालीच्या वेळापत्रकात एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल या सगळ्यांसमोर किलोमीटरचे किंवा महिन्यांचे आकडे असतात. साखळीसमोर आकडाच नसतो. त्यावरून शोरूमपासून गॅरेजपर्यंत सगळीकडे एक वाक्य रुळले: ‘चेन बदलावी लागत नाही, ती इंजिनाबरोबरच जाते.’ माझे म्हणणे असे की साखळी हा झिजणारा भाग आहे, तिची झीज गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा तिला कसले ऑइल किती वेळेवर मिळाले यावर ठरते आणि म्हणून जुन्या गाडीत ती आठवणीने तपासून, झिजली असेल तर पूर्ण संचासकट बदलणे हाच काटकसरीचा मार्ग आहे.

आधी झीज म्हणजे नेमके काय ते पाहू. ‘चेन ताणली’ असे मिस्त्री म्हणतात, पण पोलादाच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि ती पिन बुशमध्ये फिरते. झिजतात त्या या पिना आणि हे बुश. हिशेबासाठी एक साखळी धरू: १४० कड्या, प्रत्येक कडी ८ मिलिमीटरची, क्रँकच्या स्प्रॉकेटला २१ दात आणि कॅमच्या स्प्रॉकेटला ४२. प्रत्येक सांध्यात ०.०४ मिलिमीटर झीज झाली, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी, तर कुठलाही एक सांधा हातात धरून पाहिल्यास नवाच वाटेल. पण १४० सांध्यांची झीज एकत्र केली की साखळी साडेपाच मिलिमीटरने लांबते. त्यातला ओढीच्या बाजूचा वाटा दोनएक मिलिमीटरचा, आणि तेवढ्याने कॅम सव्वादोन अंश मागे पडतो. क्रँकच्या भाषेत साडेचार अंशांहून अधिक. इंजिन बंद पडत नाही. ते थोडे मंदावते, थोडे जास्त पिते, सकाळी जरा उशिरा पेटते. मालक ते वयावर घालतो. पुढची पायरी मात्र अशी सौम्य नसते. ढिली पडलेली साखळी स्प्रॉकेटवरून एक दात जरी सरकली तरी याच हिशेबाने क्रँकच्या सतरा अंशांचा फरक पडतो. दोन-तीन दात सरकली तर पिस्टन वर येण्याच्या क्षणी व्हॉल्व्ह उघडा असतो. रांजणगावच्या या इंजिनात अशा वेळी अनेकदा व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर मोडतात आणि व्हॉल्व्ह वाचतात, हे त्यातल्या त्यात नशीब. इतर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनवर खुणा उमटतात आणि हेड उतरवावेच लागते.

आता हे सांधे किती वेळा हलतात ते पाहिले की ऑइलचा मुद्दा कळतो. तीन हजार आरपीएमला क्रँकचे स्प्रॉकेट सेकंदाला पन्नास फेरे घेते, म्हणजे एका सेकंदात १,०५० कड्या त्यावरून जातात. स्प्रॉकेटवर चढताना प्रत्येक सांधा वाकतो, उतरताना सरळ होतो. लाख किलोमीटरमध्ये एकेका सांध्याचे हे वाकणे-सरळ होणे कोट्यवधी वेळा घडते. पिन आणि बुश यांच्या मधे ऑइलचा जो पातळ पापुद्रा असतो, त्याच्या जोरावरच हे सहन होते. डिझेल इंजिनात त्या ऑइलमध्ये काजळी मिसळत राहते. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी बसवलेला ईजीआर जळालेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतो आणि काजळीत भर पडते. काजळीचे कण अतिशय बारीक असतात, पण पापुद्र्यातून जाताना धातू खरवडायला तेवढे पुरतात. ऑइल ताजे असेपर्यंत त्यातली रसायने हे कण सुटे ठेवतात, एकत्र जमू देत नाहीत. ऑइल थकले की ती ताकद संपते आणि साखळीच्या सांध्यांत कणांचा लेप फिरत राहतो.

इथेच किलोमीटरचा हिशेब फसवा ठरतो. कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याला सरासरी पन्नासच्या वेगाने लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचे इंजिन दोन हजार तास चाललेले असते. तीच गाडी पुणे-मुंबईच्या शहरी कोंडीत सरासरी वीसच्या वेगाने तेवढीच चालली तर इंजिनाचे तास पाच हजार होतात. ओडोमीटर दोन्हींत सारखाच. शिवाय घर ते ऑफिस अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरते तापतच नाही. त्यात उतरलेले इंधन आणि बाष्प उडून जात नाही आणि ऑइल पातळ होते. ‘कमी चाललेली, एकाच हातातली’ अशी जाहिरात असलेली शहरी गाडी म्हणूनच साखळीच्या दृष्टीने निर्धास्त घ्यावी अशी नसते. दहा हजार किलोमीटर पुरे व्हायला दोन वर्षे लागली म्हणून तिचे ऑइलही दोन वर्षे तसेच राहिले, हे अशा गाड्यांत वारंवार दिसते. त्यात या इंजिनात ऑइल मावते जेमतेम तीन लिटरच्या आसपास. त्यातले पाऊण लिटर जळून गेले आणि कुणी डिपस्टिक ओढून पाहिली नाही तर उरलेल्या ऑइलवर साखळी, तिला ताठ ठेवणारा टेन्शनर आणि टर्बो अशा सगळ्यांचाच भार येतो.

हा नुसता तर्क आहे असे कुणी म्हणेल, म्हणून दोन पुरावे देतो. पहिला ऑइल उद्योगाचाच आहे. पेट्रोल इंजिनांच्या ऑइलसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा ‘एसपी’ हा दर्जा मे २०२० पासून लागू झाला. त्यात पहिल्यांदाच टायमिंग चेनच्या झिजेची स्वतंत्र चाचणी घालण्यात आली. फोर्डचे दोन लिटरचे टर्बो इंजिन चालवायचे, शेवटी साखळी किती लांबली ते मोजायचे आणि ती मर्यादेबाहेर लांबली तर त्या ऑइलला तो दर्जा द्यायचा नाही. साखळी खरोखर इंजिनाच्या आयुष्याची सोबतीण असती तर तिची लांबी मोजून ऑइलची परीक्षा घेण्याची गरजच पडली नसती. दुसरा पुरावा जनरल मोटर्सचा. या कंपनीच्या ३.६ लिटरच्या व्ही-६ पेट्रोल इंजिनांत २००७ च्या पुढच्या काही वर्षांत साखळ्या लवकर झिजू लागल्या. कंपनीने बऱ्याच गाड्यांसाठी साखळीची हमी वाढवली हे तर झालेच, पण त्याबरोबर आणखी एक काम केले. ऑइल कधी बदलायचे ते डॅशबोर्डवर सांगणारी यंत्रणा नव्याने प्रोग्रॅम केली, म्हणजे ऑइल बदलण्याची सूचना आधीच्यापेक्षा लवकर मिळावी. माझ्या लेखी यातली ही दुसरी कृती अधिक बोलकी आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळा दोष ऑइलवर ढकलून कंपन्यांची रचनेतली चूक झाकली जात नाही का? बीएमडब्ल्यूच्या एन-४७ या डिझेल इंजिनाची साखळी ऑइल वेळेवर बदलणाऱ्यांच्याही गाडीत गेली आणि ती बसवली होती गिअरबॉक्सच्या बाजूला, त्यामुळे तिथवर पोचायलाच इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागे. फोक्सवॅगन समूहाच्या ईए-८८८ या पेट्रोल इंजिनात टेन्शनरच दगा देत असे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळणी झालेल्या स्कोडा लॉरा आणि सुपर्बच्या १.८ टीएसआयमधले इंजिन याच कुळातले. पुढे कंपनीने त्यात सुधारित टेन्शनर दिला. तेव्हा रचनेचा दोष असतो हे मान्यच. पण रचना ठरवते ती झीज सोसण्याची मर्यादा, आणि ती मर्यादा किती लवकर गाठायची ते ऑइल ठरवते. दुबळ्या रचनेच्या इंजिनात तर ऑइलची हयगय अधिकच महाग पडते. रांजणगावच्या इंजिनाचेच बघा. त्यात उच्च दाबाचा डिझेल पंप कॅमशाफ्टवरून चालतो, म्हणजे व्हॉल्व्हबरोबर पंपाचाही भार शेवटी याच एका साखळीवर येतो. रचना बदलणे मालकाच्या हाती नाही. ऑइलची तारीख मात्र आहे.

जुन्या मिस्त्रींचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो अनुभवातून आला आहे. ते म्हणतात, कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीलाही चेनच होती, अॅम्बेसेडरलाही होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी रात्रंदिवस चालल्या, कुणी चेनच्या नावाने रडले नाही. हे खरे आहे. पण त्या इंजिनांत कॅमशाफ्ट हेडमध्ये नव्हता. तो खाली ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारी असे आणि व्हॉल्व्ह उघडायला लांब पुशरॉड असत. साखळी त्यामुळे आखूड, दोन स्प्रॉकेटच्या मधे अंतर थोडे, अॅम्बेसेडरच्या इंजिनात तर दुहेरी ओळीची. सांधे कमी म्हणून एकूण वाढही कमी. आजच्या इंजिनात साखळी क्रँकपासून हेडपर्यंत चढते, एकेरी असते आणि जागा व वजन वाचवण्यासाठी सडपातळ केलेली असते. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. त्या काळी ‘इंजिन काम’ ही नेहमीची बाब होती. रिंग, बेअरिंग, बोअर यांसाठी इंजिन ठरावीक काळाने उघडलेच जाई आणि उघडले की साखळी मिस्त्रीच्या नजरेसमोर येई. ढिली वाटली तर त्याच खर्चात बदलली जाई. तिच्यासाठी वेगळे बिल कधी झाले नाही, म्हणून ती बदलल्याची आठवणही राहिली नाही. आज ऑइल आणि धातू सुधारले, दोन-अडीच लाख किलोमीटरपर्यंत रिंगांना हात लावावा लागत नाही. इंजिन उघडायचे निमित्तच संपले आणि साखळी कव्हरमागे एकटी पडली.

‘चालत्या इंजिनाला हात लावू नये’ हा याच मिस्त्रींचा दुसरा दंडक. त्यातही शहाणपण आहे. लाख किलोमीटर झाले की डोळे झाकून चेन बदला, असे मीही म्हणत नाही. ऑइल वेळेवर मिळालेली साखळी दोन लाखांनंतरही मर्यादेत असू शकते. पण इंजिन न उघडता साखळीची अवस्था बऱ्यापैकी कळते आणि ते कळून घेणे म्हणजे हात लावणे नव्हे. पहिली खूण सकाळची. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातले ऑइल निथळते आणि पेटताक्षणी दाब येईपर्यंत साखळी सैल असते. झिजलेल्या साखळीचा त्या दोन-तीन सेकंदांत इंजिनाच्या उजव्या टोकाकडून, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाकडून, कोरडा खडखडाट येतो आणि मग विरतो. डिझेलच्या ठोक्यात तो मिसळून जातो, म्हणून बॉनेट उघडून, दुसऱ्याला चावी मारायला सांगून ऐकावा लागतो. हा खडखडाट महिन्यागणिक लांबत गेला तर शंकेला जागा उरत नाही. दुसरी खूण स्कॅनरवरची. क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरची परस्पर जुळणी बिघडली की पी-००१६ हा कोड येतो. पण तो कोड येणे म्हणजे झीज बरीच पुढे गेल्याची कबुली. ज्या इंजिनांत स्कॅनर या दोहोंमधला फरक अंशांत दाखवतो तिथे तो आकडा दर सर्व्हिसला लिहून ठेवणे अधिक उपयोगाचे. ईए-८८८ सारख्या काही इंजिनांत तर टेन्शनर किती बाहेर आला ते एका छोट्या झाकणातून पाहून त्याचे खाचे मोजता येतात. तिसरी खूण ऑइल काढतानाची: ऑइलच्या चेंबरचा नट सोडल्यावर निघालेल्या ऑइलमध्ये काळ्या-तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे दिसले तर साखळीला मार्गावर ठेवणारे गाइड तुटू लागले आहेत. त्यानंतर दुसऱ्या खुणेची वाट पाहत बसू नये.

पैशाचा आक्षेप बोलण्यात उशिरा येतो, पण मनात तो पहिला असतो. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीला बाजारात जी किंमत येते, तिच्या मानाने हे काम जड वाटते. इथे तुलना कशाशी करायची हे आधी ठरवले पाहिजे. वेळेवर साखळी बदलण्याचा खर्च एका बाजूला. दुसऱ्या बाजूला साखळी सरकल्यावर रॉकर, कदाचित व्हॉल्व्ह, हेडचे काम, नवी साखळी तरीही लागणारच आणि भर रस्त्यात बंद पडलेली गाडी टो करून आणायची, हा सगळा खर्च. दुसरी बाजू पहिलीच्या कितीतरी पट होते आणि तिची तारीख आपण ठरवत नाही. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून, पर्यावरण कर भरून पुढे वापरता येते. ज्याला गाडी आणखी चार-पाच वर्षे वापरायची आहे त्याच्या दृष्टीने तिची किंमत तेवढ्या वर्षांच्या प्रवासाइतकी आहे, जुन्या बाजारातल्या भावाइतकी नव्हे. आणि ज्याला ती सहा महिन्यांत काढायचीच आहे त्याने हा खर्च करू नये, हेही मी तितक्याच स्पष्टपणे म्हणेन. फक्त घेणाऱ्याला खडखडाटाची कल्पना द्यावी.

खर्च वाचवण्याची एक खोटी वाट मात्र टाळली पाहिजे, ती म्हणजे नुसती साखळी बदलणे. टायमिंग कव्हर उतरल्यावर जे दिसते ते नीट पाहिले तर कारण आपोआप कळते. गाइडच्या प्लॅस्टिकवर साखळीने दोन समांतर चर कोरलेले असतात. कधी ते इतके खोल जातात की खालचा धातू चमकू लागतो. टेन्शनरचा दट्ट्या जवळजवळ शेवटच्या खाच्यापर्यंत बाहेर आलेला असतो. लहान स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खाल्लेले असतात, बोट फिरवले तर काठ लागतो. जुनी आणि नवी साखळी शेजारी शेजारी आडवी धरली तर जुनी बाजूला लवते, नवी ताठ राहते. अशा खाल्लेल्या दातांवर नवी साखळी चढवली तर तिच्या कड्या दातांत नीट बसत नाहीत आणि ती जुनीच्या चालीने झिजू लागते. म्हणून साखळी, दोन्ही गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट आणि क्रँकचे ऑइल सील हे सगळे एकदमच बदलायचे. मजुरी तीच लागते. या कामात पार्टपेक्षा पोचण्याचीच मेहनत मोठी असते. आणि पार्ट कुठल्या पेटीतून आला ते विचारायचे. नाव नसलेल्या स्वस्त किटमधल्या साखळीच्या पिना किती कडक केल्या आहेत ते कुणालाच ठाऊक नसते आणि झीज ठरते ती नेमकी तिथेच.

सर्वांत वजनदार आक्षेप मी शेवटी ठेवला आहे: हे काम चुकीचे झाले तर न केलेलेच बरे. याला माझ्याकडे उत्तर नाही, अट आहे. रांजणगावच्या इंजिनावर उजवे चाक आणि आतले प्लॅस्टिक काढून, इंजिनाला खालून टेकू देऊन उजवे माउंटिंग सोडावे लागते, क्रँकची पुली काढावी लागते, चेंबर उतरवावे लागते, तेव्हा कव्हर सुटते. त्याआधी दोन्ही कॅमशाफ्ट आणि फ्लायव्हील त्यांच्या ठरलेल्या लॉक-पिनांनी जागेवर अडकवणे, हे या कामातले मर्म. पुष्कळ ठिकाणी पिनांऐवजी जुन्या साखळीवर आणि स्प्रॉकेटवर रंगाचे ठिपके देऊन टायमिंग बांधले जाते. पण जुनी साखळी आधीच लांबलेली असते. तिच्यावरून घेतलेले ठिपके म्हणजे चुकीच्या टायमिंगची नक्कल. काम झाल्यावर क्रँक हाताने पान्ह्याने पूर्ण दोन फेरे फिरवायचा, पुन्हा त्याच जागी आणायचा आणि लॉक-पिना जोर न लावता परत आत जातात का ते पाहायचे. जात नसतील तर चावीला हात लावायचा नाही. चूक होण्याची दुसरी जागा सिलिकॉनची. कव्हर आणि चेंबर यांच्या काठावर तो बारीक एकसारखा लावायचा. जास्त झाला तर आतल्या बाजूला फुगून येतो, पुढे तुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो आणि नव्या टेन्शनरला पहिल्या महिन्यातच ऑइल कमी पडते. चेंबर उतरलेलेच असते तेव्हा ती जाळी, तिच्यात अडकलेल्या गाइडच्या कपच्यांसकट, काढून धुतली नाही तर अर्धे काम राहिले असे समजावे. आणि गाडी घरी आल्यावर मालकाने पाळायची एक गोष्ट: चढावर नुसत्या गिअरवर गाडी उभी करू नये, हँडब्रेक पूर्ण ओढावा. गाडी मागे सरकली की इंजिन उलटे फिरते, ओढ साखळीच्या सैल बाजूला येते आणि तिथे फक्त टेन्शनर उभा असतो.

काही जण यावर म्हणतील की मग पट्टाच बरा होता. मारुती ८०० ला, टाटा इंडिकाला रबरी टायमिंग बेल्ट असे आणि त्याचा आकडा पुस्तकात छापलेला असे. आकडा असल्यामुळे तो बदललाही जाई, एवढ्या बाबतीत पट्ट्याची व्यवस्था अधिक प्रामाणिक होती. फोक्सवॅगननेही छोट्या पेट्रोल इंजिनांच्या पुढच्या पिढीत साखळी सोडून पुन्हा पट्टा घेतला. पण आपल्या रस्त्यावरच्या छोट्या गाड्यांत उलट घडले. मारुतीच्या २००८ नंतरच्या के-सीरिज पेट्रोल इंजिनांपासून साखळीचीच सरशी आहे. तेव्हा हा प्रश्न एका बंद पडलेल्या डिझेल इंजिनापुरता उरत नाही. त्यांतल्या सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या याच वयाला आल्या आहेत, आजच्याही पुढे येतील.

लॉक-पिना वापरा, टॉर्क इतका द्या, सिलिकॉन इथे लावा, हे सगळे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. पण जुनी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात नाही. ती जाते नाक्यावरच्या गॅरेजात, जिथे ते मॅन्युअल पोचत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी: सुटे भाग, तपासणीची साधने आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नव्हती. दंडाचे प्रकरण पुढे अपिलात गेले, पण आयोगाने दाखवलेली अडचण खरीच होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. तिथे मालकासाठीची पुस्तिका आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता असणे पुरेसे नाही. रांजणगावच्या इंजिनाचे उत्पादन संपले आहे. त्याच्या टायमिंगच्या पानांत आता राखण्यासारखे व्यापारी गुपित काही उरलेले नाही. लॉक-पिनांची मापे, बोल्टांचे टॉर्क, साखळीची झीज कुठवर चालेल ती मर्यादा, ही दहा-बारा पाने मराठीत करून आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल या अभ्यासक्रमाच्या वर्कशॉपमध्ये एका उघड्या इंजिनासोबत ठेवता येतील. त्या वर्गांतून बाहेर पडणारी मुलेच उद्या तालुक्याच्या गॅरेजात या गाड्यांची कव्हरे उघडणार आहेत.